दोन फायली जोडताना हरवलेले चार जिल्हे : पायथनमध्ये माहिती वाचणे आणि एकत्र करणे

मूळ लेख (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेसाठी मी महाराष्ट्राचा एक जिल्हावार तक्ता तयार केला. माझ्याकडे दोन फायली होत्या. एकीत २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्यांची लोकसंख्या होती, तिच्या ३५ ओळी. दुसरीत सध्याच्या जिल्ह्यांचे क्षेत्रफळ होते, तिच्या ३६ ओळी. दोन्हींत जिल्ह्याचे नाव हा समान रकाना होता आणि त्यावरून जोड बसवून दर चौरस किलोमीटरला किती माणसे राहतात, एवढेच काढायचे होते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली, ती कुठेही न अडता पूर्ण चालली, नवी फाइल तयार झाली आणि मी ती सर्व कार्यकर्त्यांना पाठवून दिली. दोन दिवसांनी धाराशिवहून एका कार्यकर्तीचा फोन आला. "दादा, आमचा जिल्हा यादीत दिसतच नाही."

फाइल उघडून ओळी मोजल्या, तर त्या ३२ भरल्या.

हा धागा काढण्याचे कारण हेच आहे. फाइल वाचायची कशी आणि दोन फायली जोडायच्या कशा, हे सांगणारे धडे भरपूर आहेत. जोडताना ज्या ओळींचा जोडीदार सापडत नाही त्या मुकाट्याने गळून जातात, संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि नवशिक्याला हे फार उशिरा कळते. मला ते पुरेसे लवकर कळले नाही, याची खंत आहे. म्हणून जे उमगले ते क्रमाने मांडतो. आज्ञांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना अर्थातच ती रोमन लिपीत टंकावी लागतील.

आधी हरवलेल्या ओळींचा माग. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. जनगणनेच्या फाइलमध्ये जुनी नावे आहेत, क्षेत्रफळाच्या फाइलमध्ये नवी. त्यामुळे हे तीन जिल्हे दोन्ही बाजूंना असूनही जुळले नाहीत. चौथा पालघर. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या फाइलमध्ये तो असणे शक्यच नव्हते. राज्याची २०११ ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. माझ्या तक्त्यातील लोकसंख्येची बेरीज केली, तेव्हा ती १०,२४,७२,३१६ आली. म्हणजे ९९ लाखांहून अधिक माणसे माझ्या एका स्क्रिप्टमुळे कागदावरून नाहीशी झाली होती, आणि ही बेरीज करून पाहायला अर्धे मिनिटही लागले नसते.

मात्र याहून वाईट चूक ठाण्याच्या ओळीत होती, कारण ती ओळ जागच्या जागी होती आणि नाव बिनचूक जुळले होते. लोकसंख्या अविभाजित ठाण्याची, १,१०,६०,१४८. क्षेत्रफळ विभाजनानंतरच्या ठाण्याचे, ४,२१४ चौरस किलोमीटर. भागाकार करून स्क्रिप्टने घनता सुमारे २,६२५ दाखवली. प्रत्यक्षात आजच्या ठाणे जिल्ह्यात येणाऱ्या सात तालुक्यांची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२ होती आणि तिच्यावरून घनता सुमारे १,९१५ येते. उरलेली २९,९०,११६ माणसे पालघरच्या ५,३४४ चौरस किलोमीटरमध्ये मोजायला हवी होती, तिथे घनता ५६० च्या आसपास पडते. गळलेली ओळ निदान कोणाला तरी खटकते, पण ही ओळ तशीच पुढे गेली असती.

आता वाचण्याविषयी. पायथनमध्ये सीएसव्ही फायलींसाठी (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फायलींसाठी) त्याच नावाचे अंगभूत मॉड्यूल, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आहे आणि त्यातील डिक्टरीडर ही सोय शीर्षकाची ओळ वाचून पुढच्या प्रत्येक ओळीची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांची साठवण, करून देते. त्यामुळे 'तिसरा रकाना' असे न म्हणता 'लोकसंख्या' असे नावाने मागता येते. नुसत्या स्प्लिटने स्वल्पविरामावर ओळ तोडण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे आकडे १,१०,६०,१४८ असे लिहिलेले असतात आणि ते अवतरणचिन्हांत ठेवलेले असले तरी स्प्लिटला त्याची जाण नसते, म्हणून एका आकड्याचे चार तुकडे होतात. मॉड्यूल अवतरणचिन्हांचा मान राखते. पण मिळालेली किंमत तरीही मजकूरच असते, त्यामुळे मजकुराची संख्या करणारे इंट वापरण्यापूर्वी त्यातले स्वल्पविराम रिप्लेसने काढावे लागतात, अन्यथा व्हॅल्यूएरर येतो. असा एरर आला तर आनंदच मानावा, कारण तो निदान बोलतो तरी.

फाइल उघडताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, न्यूलाइन या पर्यायाला रिकामी किंमत द्यावी. लिहिताना ती दिली नाही, तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. दुसरी, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट असतात. साध्या यूटीएफ-८ ने वाचल्यास ते पहिल्या शीर्षकाला चिकटून येतात, आणि मग 'जिल्हा' नावाचा रकाना डोळ्यांना दिसत असूनही स्क्रिप्ट कीएरर, म्हणजे 'असे नाव नाही' ही त्रुटी, देते. यावर मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. एन्कोडिंगच्या जागी 'यूटीएफ-८-सिग' लिहिले, की ते बाइट असोत वा नसोत, फाइल नीट वाचली जाते. एक्सेलमधील नुसत्या 'सीएसव्ही' पर्यायाने मात्र देवनागरी फाइल कधीही जतन करू नये. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडते आणि ते अक्षर त्या फाइलमधून परत मिळवता येत नाही.

जोडणीची रीत सोपी आहे. क्षेत्रफळाची फाइल आधी पूर्ण वाचून जिल्ह्याच्या नावाने डिक्शनरी करायची, मग लोकसंख्येची फाइल ओळीओळीने वाचत प्रत्येक नाव त्या डिक्शनरीत शोधायचे. सापडले तर एका यादीत, नाही सापडले तर दुसऱ्या यादीत. माझी चूक इथे होती. 'सापडले तर' एवढेच मी लिहिले होते, 'नाही सापडले तर' लिहिलेच नव्हते. आता माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी तीन गोष्टी छापल्या जातात: डाव्या (म्हणजे ओळीओळीने वाचलेल्या) फाइलमधील न जुळलेल्या ओळी नावांसह, उजव्या (म्हणजे डिक्शनरी केलेल्या) फाइलमधील न जुळलेल्या ओळी नावांसह, आणि ज्या रकान्याची बेरीज आधीपासून ठाऊक आहे त्याची जोडणीनंतरची बेरीज. माझ्या उदाहरणात ३२ जुळलेल्या, ३ डाव्या बाजूच्या आणि ४ उजव्या बाजूच्या, अशा एकूण ३९ ओळींचा हिशेब लागायला हवा होता.

डिक्शनरी तयार करतानाही एक तपासणी हवी. तेच नाव दुसऱ्यांदा आले तर नवी किंमत जुनीवर बसते आणि कुठलाही इशारा मिळत नाही. म्हणून नाव घालण्यापूर्वी ते आधीच आहे का हे पाहावे, आणि असल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबवावी. एका राज्यातल्या जिल्ह्यांच्या बाबतीत असे होणार नाही, पण गावांच्या बाबतीत हमखास होते, कारण एकाच नावाची गावे तालुक्या-तालुक्यांत आहेत.

नावाऐवजी क्रमांकावरून जोडावे, हे तत्त्वतः उत्तम. जनगणनेत २०११ साली महाराष्ट्रातील जिल्ह्यांना नंदुरबार ४९७ ते सांगली ५३१ असे क्रमांक होते आणि नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पण ठाण्याचे विभाजन क्रमांकानेही सुटले नसते. तिथे तालुक्यांच्या पातळीवर उतरून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज वेगळी काढणे हाच मार्ग होता, आणि शेवटी मी तोच धरला.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

लेख आवडला, पण प्रामाणिक शंका आहे. पस्तीस ओळींसाठी स्क्रिप्ट लिहिण्याऐवजी एक्सेलमधील व्हीलुकअप (एका यादीतले नाव दुसऱ्या यादीत शोधणारे सूत्र) वापरला असता, तर न सापडलेल्या जिल्ह्यांपुढे चूक दाखवणारी खूण आपोआप आली असती आणि तुमचे तीन जिल्हे लगेच नजरेस पडले असते. मग स्क्रिप्टचा फायदा कोणता?

धागाकर्ता

तुमचे म्हणणे तीन जिल्ह्यांपुरते बरोबर आहे. लोकसंख्येच्या यादीतून क्षेत्रफळ शोधले असते, तर तिथे खूण आली असती. पालघर मात्र तरीही दिसला नसता, कारण व्हीलुकअप एकाच दिशेने शोधतो आणि दुसऱ्या यादीत जे जास्तीचे आहे त्याची दखल घेत नाही. ठाण्याची चूक तर दोन्हीकडे सारखीच झाली असती.

स्क्रिप्टचा खरा फायदा असा, की तीन महिन्यांनी तक्ता पुन्हा करायचा झाला किंवा कोणी 'हा आकडा आला कुठून' असे विचारले, तर मला प्रत्येक पायरी दाखवता येते. शिवाय एक्सेलमध्ये फाइल नुसती उघडली तरी ती बदलते. जनगणनेतील तालुक्यांचे क्रमांक पाच आकडी आहेत. २०११ साली देशभरात तालुके आणि तत्सम घटक मिळून ५,९२४ होते, म्हणजे त्या प्रत्येक क्रमांकाची सुरुवात शून्याने होते. एक्सेल ते शून्य खाऊन टाकते आणि फाइल जतन केली की ते कायमचे जाते. पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलमध्ये सगळे मजकूर म्हणूनच वाचले जाते, त्यामुळे शून्य शाबूत राहते.

प्रतिसाद २

नावांवरून जोडणी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती मराठीतच अधिक भेडसावते आणि इंग्रजी धड्यांत ती कुठेही सापडत नाही.

सातारा जिल्ह्यातील गावांच्या दोन याद्या जोडत असताना 'कऱ्हाड' जुळेना. दोन्ही शब्द पडद्यावर एकाखाली एक छापले, तरी तसूभर फरक दिसत नव्हता. शेवटी लेन वापरून दोन्हींची लांबी मोजली, तेव्हा एकाची ६ आली आणि दुसऱ्याची ७. पहिल्या यादीत टंकणाऱ्याने क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहा चिन्हे वापरली होती. दुसऱ्या यादीत क, साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह, काना, ड अशी सात होती. दोन्ही रीतींनी पडद्यावर तोच अर्धा र उमटतो. तिसरीही रीत आहे, साध्या र ला खाली नुक्ता देऊन. तिचीही लांबी ७ भरते.

पायथनमधील युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ नावाचे फंक्शन आहे. त्याला 'एनएफसी' हा प्रकार दिला, की तिसरी रीत पहिलीत बदलते, कारण युनिकोडच्या (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) दृष्टीने नुक्त्याचा र आणि ऱ एकच आहेत. पण अदृश्य जोडचिन्हाची दुसरी रीत तशीच राहते. इथे अनेक जण सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतात आणि नवीनच चूक करून बसतात. जोडचिन्ह गेले, की उरलेल्या र आणि हलन्तापासून ह च्या डोक्यावर रफार तयार होतो आणि शब्द 'कर्हाड' होतो, जो पहिल्या यादीशी पुन्हा जुळत नाही. योग्य क्रम असा, की आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तीन चिन्हे लागोपाठ दिसतील तिथे ऱ आणि हलन्त लिहावे, नंतर उरलेली अदृश्य चिन्हे पुसावीत, मग नॉर्मलाइझ आणि शेवटी स्ट्रिपने दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढाव्यात. गोऱ्हे, कऱ्हा, बऱ्हाणपूर असे जे जे शब्द आहेत, त्या सर्वांना हे लागू आहे.

बुद्रुक आणि खुर्द यांचे तर विचारूच नये. 'बुद्रुक', 'बु.', 'बु' आणि दोन उभ्या दंडांसह लिहिलेला 'बु' हे चारही प्रकार मला एकाच यादीत मिळाले आहेत. यावर आपोआप चालणारा उपाय शोधण्यापेक्षा पर्यायी रूपांची एक छोटी फाइल हाताने करावी आणि ती आधी जोडून घ्यावी. धागाकर्त्यांच्या तीन नव्या नावांनाही हाच उपाय लागू पडतो. जुने नाव आणि नवे नाव असे दोन रकाने पुरेत.

जाता जाता, देवनागरी अंकांविषयी. पायथनमधील इंट हे फंक्शन '१२३' हा देवनागरी मजकूरही थेट संख्येत बदलते, हे पुष्कळांना माहीत नसते. पण क्रमांक मजकूर म्हणून जुळवत असाल तर देवनागरी '४' आणि इंग्रजी '4' ही दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे जोडणीपूर्वी सर्व अंक एकाच लिपीत आणलेले बरे.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ अतिशय उपयुक्त आहे. त्यात एवढीच भर, की जुन्या कार्यालयीन फायली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमधील असतील, तर त्या मुळात युनिकोड नसतात. स्क्रिप्टला तिथे रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. आधी फाँट रूपांतरण करून घ्यावे आणि मगच बाकीचे सारे.

प्रतिसाद ४

मी गेली अनेक वर्षे अशी कामे ऑकमध्ये करत आलो आहे. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी ही भाषा घडवली आणि तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. लिनक्स किंवा मॅक असलेल्या जवळपास प्रत्येक संगणकावर ती आधीच असते, वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि दोन फायली जोडणे हे तिचे जणू घरचेच काम आहे.

युक्ती अशी. ऑक दोन अंक सतत मोजत असते. एनआर म्हणजे आतापर्यंत एकूण किती ओळी वाचल्या, आणि एफएनआर म्हणजे चालू फाइलमधल्या किती वाचल्या. पहिली फाइल चालू असेपर्यंत दोन्ही सारखे असतात, दुसरी सुरू झाली की एफएनआर पुन्हा एकपासून मोजू लागतो. म्हणून 'दोन्ही सारखे असतील तर ओळ साठवून ठेव आणि पुढे जा, नसतील तर साठवलेल्यांत शोध' एवढ्या एका ओळीत जोडणी होते.

या सुंदर युक्तीत तीन खाचखळगे आहेत आणि तिन्हींत मी पडलो आहे. पहिली फाइल चुकून रिकामी असेल, तर दुसऱ्या फाइलसाठीही दोन्ही अंक सारखेच राहतात, ऑक तिलाच पहिली समजते आणि शेवटी काहीही छापत नाही. म्हणून एनआर-एफएनआर यांच्या तुलनेऐवजी चालू फाइलचे नाव हे आज्ञेत दिलेल्या पहिल्या फाइलच्या नावाशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे आहे. दुसरे, साठवणीत एखादे नाव आहे का हे थेट किंमत मागून तपासले, तर ते नाव नसतानाही त्या क्षणी रिकाम्या किमतीसह तयार होते, आणि मग न जुळलेल्यांची गणना चुकते. तपासणीसाठी 'इन' हा शब्दच वापरावा. तिसरे, विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. जोडणीचा रकाना शेवटचा असेल, तर ते चिन्ह त्याला चिकटते आणि एकही ओळ जुळत नाही. ओळ हातात आल्याबरोबर ते चिन्ह पुसून टाकावे.

अवतरणचिन्हांतील स्वल्पविराम ही ऑकची जुनी दुखरी जागा होती. २०२३ पासून कर्निहन यांच्या स्वतःच्या आवृत्तीत आणि जीऑकच्या (ऑकच्या ग्नू प्रकल्पातील रूपाच्या) ५.३ मध्ये सीएसव्ही हा पर्याय आला आहे आणि तो दिल्यास अवतरणचिन्हे नीट पाळली जातात. जुनी आवृत्ती असेल तर मात्र अशा फायलींसाठी धागाकर्त्यांप्रमाणे पायथन वापरणेच शहाणपणाचे.

प्रतिसाद ५

हैदराबादहून लिहीत आहे. जिल्हे फुटल्यामुळे होणारी अडचण इथे कितीतरी पटींनी मोठी आहे. तेलंगणात २०१४ साली १० जिल्हे होते, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते ३१ झाले आणि २०१९ पासून ३३ आहेत. त्याशिवाय तालुक्याच्या जागी असलेली मंडलेही नव्याने आखली गेली. त्यामुळे तालुक्यांच्या बेरजेचा तुमचा मार्ग इथे पुरत नाही, थेट गावापर्यंत उतरावे लागते. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीमध्ये गावाच्या चालू क्रमांकाशेजारी जनगणनेचा क्रमांकही दिलेला असतो. जुन्या आणि नव्या याद्यांमधला तोच सर्वांत भरवशाचा पूल आहे.

प्रतिसाद ६

मी गावातील दूध संकलन केंद्राचे हिशेब पाहते. पायथन शिकायला सुरुवात करून दोन महिने झाले आहेत. माझ्याकडे वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा फायली आहेत. त्यांत तारीख, वेळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) असे रकाने आहेत. सभासदांची वेगळी फाइल आहे, तिच्यात क्रमांक आणि नाव आहे. सभासद क्रमांक ००७, ०४२ असे तीन आकडी आहेत. बारा फायली एकाखाली एक लावून सभासदाचे नाव जोडायचे आहे आणि प्रत्येकाचे वर्षाचे लिटर व सरासरी फॅट काढायचे आहे. ग्लोब (फोल्डरमधील फायली शोधून देणारे मॉड्यूल) वापरून सर्व फायली वाचल्या. पहिल्यांदा एकूण लिटर बरोबर आले, पण तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तेव्हा ते दुप्पट झाले. माझे काय चुकते आहे?

धागाकर्ता

ताई, तुमची एकत्रित फाइल त्याच फोल्डरमध्ये तयार होत असावी. दुसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवताना ग्लोबला ती तेरावी फाइल म्हणून सापडली आणि वर्षभराचे दूध पुन्हा एकदा मोजले गेले. निकालाची फाइल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये लिहावी. तसेच ग्लोब फायली कोणत्या क्रमाने देईल याची हमी नसते, म्हणून यादी सॉर्टेडमधून काढून घ्यावी.

बारा फायली एकाखाली एक लावताना रकाने नावाने जुळवावेत, जागेने नव्हे. मध्येच एखाद्या महिन्यात यंत्र किंवा सॉफ्टवेअर बदलले आणि एसएनएफ आधी व फॅट नंतर आले, तर जागेने जुळवणाऱ्या स्क्रिप्टला ते कळत नाही. प्रत्येक फाइलचे शीर्षक पहिल्या फाइलच्या शीर्षकाशी ताडून पाहावे आणि एखादे नाव कमी-जास्त असेल तर तिथेच थांबावे. प्रत्येक ओळीत ती कोणत्या फाइलमधून आली हे सांगणारा एक जास्तीचा रकाना घालावा. पुढे शंका आली तर मूळ नोंद शोधायला त्याच्याइतका उपयोगी रकाना दुसरा नाही.

सरासरी फॅटच्या बाबतीत कृपया जपून. सकाळचे १० लिटर ४.० फॅटचे आणि संध्याकाळचे ५ लिटर ५.५ फॅटचे असेल, तर नुसती सरासरी ४.७५ येते. पण दुधाचा खरा कस लिटरने गुणून काढावा लागतो: १० गुणिले ४.० म्हणजे ४०, ५ गुणिले ५.५ म्हणजे २७.५, एकूण ६७.५ भागिले १५, म्हणजे ४.५. दर फॅटवर ठरतो, म्हणजे हा फरक थेट सभासदाच्या पैशांचा आहे.

आणि जोडणीपूर्वी प्रत्येक महिन्याचे एकूण लिटर वेगळे छापून केंद्राच्या वहीतील मासिक बेरजेशी ताडून पाहावे. जोडणीनंतर वर्षाची बेरीज या बारा आकड्यांच्या बेरजेइतकीच यायला हवी.

प्रतिसाद ७

प्रतिसाद ६ मधील कामासाठी पांडाज (पायथनमध्ये तक्ते हाताळण्याची लायब्ररी) वापरत असाल तर काही सूचना. फाइल वाचणाऱ्या रीड-सीएसव्हीला डीटाइपमध्ये (रकान्याचा प्रकार सांगणाऱ्या पर्यायात) सभासद क्रमांक मजकूर आहे हे सांगावे, नाहीतर ००७ चा ७ होतो. त्याच रकान्यात एखादी जागा रिकामी राहिली, तर संपूर्ण रकाना दशांशात जातो आणि ७ चा ७.० होतो. पुढे त्याचा मजकूर केला की तो कशाशीच जुळत नाही.

दोन तक्ते जोडणाऱ्या मर्ज या आज्ञेचा मूळ स्वभाव फक्त जुळलेल्या ओळी ठेवण्याचा आहे. धागाकर्त्यांचे चार जिल्हे असेच गेले असते. म्हणून 'हाऊ' मध्ये 'लेफ्ट' किंवा 'आउटर' लिहावे आणि 'इंडिकेटर' चालू करावा. मग प्रत्येक ओळीपुढे ती दोन्हीकडे सापडली, की फक्त डावीकडे, की फक्त उजवीकडे, हे सांगणारा रकाना मिळतो. 'व्हॅलिडेट' मध्ये 'मेनी टू वन' लिहिले, तर सभासद यादीत एकच क्रमांक दोनदा असल्यास मर्ज पुढे जातच नाही. ही तपासणी नसेल तर त्या सभासदाच्या प्रत्येक दूध नोंदीच्या दोन ओळी होतात आणि लिटर पुन्हा दुप्पट दिसते.

आणखी एक सापळा. दोन्ही फायलींत सभासद क्रमांक रिकामा असलेल्या ओळी असतील, तर पांडाज त्या रिकाम्या जागाही एकमेकांशी जुळवते. डेटाबेसमध्ये सहसा असे होत नाही, त्यामुळे तिकडून आलेले लोक हमखास फसतात. रिकामे क्रमांक जोडणीपूर्वीच बाजूला काढावेत.

प्रतिसाद ८ (प्रतिसाद ६ लिहिणारी)

सर्वांचे मनापासून आभार. निकालाची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये नेल्यावर दुपटीचा प्रश्न सुटला. शीर्षके ताडून पाहिल्यावर कळले, की ऑगस्टपासून पुढच्या फायलींत एसएनएफ खरोखरच फॅटच्या आधी आहे. यंत्र त्याच महिन्यात बदलले होते. नावाने जुळवल्यावर ते आपोआप बरोबर आले.

इंडिकेटर चालू केल्यावर ६१ ओळी फक्त डावीकडे दिसल्या. त्यांपैकी ५८ ओळींत शून्य गळलेले होते, कारण मार्चची फाइल मीच एक्सेलमध्ये उघडून जतन केली होती. झेडफिल वापरून क्रमांक पुन्हा तीन आकडी केले आणि त्या जुळल्या. अकरा महिन्यांची बेरीज वहीशी जुळते आहे. फेब्रुवारीत मात्र वहीपेक्षा फाइलमध्ये १४.५ लिटर जास्त आहेत, आणि उरलेल्या तीन न जुळणाऱ्या ओळी फेब्रुवारीतल्याच आहेत. तिन्हींवर १८९ हा क्रमांक आहे. सभासद यादी १८८ वर संपते.

धागाकर्ता

त्या तीन ओळींचे लिटर एकत्र किती होतात? आणि त्या कोणत्या वेळच्या आहेत?

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ६ लिहिणारी)

५.०, ४.५ आणि ५.०, म्हणजे बरोबर १४.५. तिन्ही संध्याकाळच्या आहेत, लागोपाठच्या तीन दिवसांच्या. त्याच तीन संध्याकाळी १८८ क्रमांकाच्या सभासदाच्या नोंदीही आहेत, म्हणजे बटण चुकून पुढचा क्रमांक दाबला गेला असे वाटत नाही. या ओळी मी काढून टाकलेल्या नाहीत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत. संध्याकाळच्या संकलनाला जो मुलगा बसतो, त्याला उद्या केंद्रावर भेटून विचारते, मग इथे कळवते.